या शनिवारी मी आले नाही

बसवनगुडी, बंगळूर
रविवार, रात्री

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आई निम्म्यातच "हो हो, कळलं" म्हणून फोन ठेवते, म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव, मधले शब्द न गाळता.

शनिवारी आले नाही म्हणून तुमचे दोघांचे मिळून पाच मिस्ड कॉल. ताप नाही, ऑफिसात भांडण नाही, पैसेही आहेत. यावंसं वाटलं नाही, एवढंच. लिहिल्यावर हे वाक्य जरा वाईट दिसतंय, पण खोडत नाही.

जूनपासून दर पंधरवड्याला शुक्रवारी रात्रीची बस, निपाणीला जाग, उन्हं वर आल्यावर सातारा, आणि रविवारी संध्याकाळी परत तीच बस. तुम्ही शेजारी सांगायचात, पोरीला घरची फार ओढ. ओढ होतीच. पण खरं सांगायचं तर इथली सुट्टी अंगावर यायची. शनिवारी दुपारी खोलीत पंख्याचा आवाज ऐकत बसायचं, त्यापेक्षा बसमध्ये पाय आखडून घेतलेले परवडले. "इकडं खूप मैत्रिणी झाल्यात" असं जुलैत म्हणाले होते ना, ती थाप होती.

परवा शुक्रवारी तिकीट काढायचं मी चक्क विसरले. रात्री आठला आठवलं, आणि हायसं वाटलं.

शनिवारी नऊला उठले. खालच्या मजल्यावर घरमालकांच्या आई राहतात, मी त्यांना आज्जीच म्हणते. त्या मला जिन्यात गाठून रोज "ऊटा आयता?" विचारतात. पहिले दोन महिने मला वाटायचं भाडं मागतायत, आणि मी दर वेळी "नाळे, नाळे", म्हणजे उद्या, उद्या, म्हणून सटकायचे. जेवलीस का, एवढंच विचारत होत्या बिचाऱ्या. ही रोज उद्या जेवते म्हणजे करते तरी काय, असं त्यांना वाटलं असणार. काल म्हटलं, "इल्ला आज्जी, डोसा तिन्नोके." डोसा खायला निघालेय. त्या हसल्या आणि कुठल्या हॉटेलात तेही त्यांनीच सांगितलं.

गांधी बझारातलं विद्यार्थी भवन. १९४३ पासूनचं आहे, म्हणजे बाबा, तुमच्याहून वडील. बाहेर नाव लिहून द्यायचं, पुकारलं की आत, मिळेल त्या टेबलावर अनोळखी माणसांसमोर बसायचं. वाढपी एका हातावर डोशाच्या बशांची एवढी चळत रचून आणतो की आपणच श्वास धरून बसतो. डोसा जाड, वरून कुरकुरीत, तुपाळ. आई, चटणी पातळ असते, तुला आवडायची नाही. दुपारी ताणून दिली. पंख्याचा आवाज होता की नाही, आठवत नाही.

आता आजचं. उद्या कार्तिकातला शेवटचा सोमवार. त्या दिवशी इथल्या दोड्ड बसवण्णाची, म्हणजे मोठ्या नंदीची, जत्रा असते, 'कडलेकायी परिशे'. कडलेकायी म्हणजे भुईमुगाच्या शेंगा. जत्राच शेंगांची! सांगतात की पूर्वी इथल्या खेड्यांतला भुईमूग दर पौर्णिमेला एक बैल येऊन खायचा, म्हणून शेतकरी पहिलं पीक त्यालाच वाहू लागले. देऊळ बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडाच्या काळातलं, सोळाव्या शतकातलं. नंदी अखंड दगडाचा, १५ फूट उंच, तेल-लोण्यानं काळा कुळकुळीत. उद्या पाय ठेवायला जागा मिळणार नाही, म्हणून मी आजच गेले. दुकानं दोन दिवस आधीच लागतात.

बाबा, रस्त्याच्या दोन्ही कडांना शेंगांचे ढीग. ओल्या, भाजलेल्या, उकडलेल्या, बारक्या, टपोऱ्या. भट्टीतल्या वाळूचा वास थेट आपल्या कोरेगावच्या रानातला, काढणीनंतर आजी आगटी पेटवायची तसा. आणि माप कसलं, तर 'सेरु'. म्हणजे आपला शेर! पत्र्याचं मापटं, त्यावर शीग लावून.

"कडलेकायी" हा शब्द मी घरातून घोकत निघाले होते, पण ऐन वेळी तोंडातून निघालं, "अर्धा सेरु शेंगा." विकणारी आईच्या वयाची. तिनं मान वर केली. "हुब्बळ्ळी कडेयवरा?" हुबळीकडची का? तिकडंही शेंगाच म्हणतात, आणि तिचं स्वतःचं माहेर गदगकडचं.

मी "हूं" म्हणाले.

का म्हणाले कोण जाणे. पाच महिन्यांत पहिल्यांदाच कुणी मला परकी धरलं नव्हतं, ते मोडवेना. मग लाज वाटली आणि सांगून टाकलं, हुबळीच्या पुढं, सातारा. "ओ, शिवाजी महाराज!" म्हणाली, आणि मापावर आणखी एक मूठ टाकली. आई, मंडईत तू दोन मिरच्यांसाठी हात पुढं करून उभी राहतेस ना, त्या वरकडीला इथं शब्द आहे, कोसरु. मी न मागता मिळाला.

मग शेजारच्या ब्यूगल रॉकच्या बागेत बाकावर बसून तुमच्यासारख्या अंगठ्यानं दहा शेंगा फोडल्या. सात दुदाणी, दोन तिदाणी, एक पोचट. दाणा गोड आहे, पण आपल्यापेक्षा बारीक.

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून हे सगळं फोनवर सांगायचं टाळत होते. इथं करमायला लागलं म्हणजे तिकडचं काही कमी झालं असं धरू नका. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रभरात इथं येते, डिसेंबरात खालचे दोन बर्थ काढते. आईचे गुडघे बघता जिना एकदाच चढायचा, मग खाली उतरायचं नावच काढायचं नाही. आज्जी वर येतील. बाबा, कानाचं मशीन आणा, नाहीतर त्यांनी जेवलात का विचारलं तर तुम्ही भाड्याचं बोलाल.

ओल्या शेंगा संध्याकाळी लोखंडी तव्यावर भाजल्या. एका बाजूनं करपल्या. निम्म्या खाली दिल्या, निम्म्या पुढच्या शुक्रवारी घेऊन येते. गूळ घरात असू दे.

तुमची,
धाकटी