गढी पडायच्या आधी एकदा ड्रोन फिरवा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

विदर्भातल्या जुन्या वास्तूंचा विषय निघाला की सगळे गाविलगड अन् नरनाळा किल्ल्यांवरच थांबतात. तिथं निदान पुरातत्त्वचा बोर्ड तरी आहे, पण गावोगावच्या पांढऱ्या मातीच्या गढ्यांचं काय? दर पावसाळ्यात एखादा बुरूज खचते अन् उन्हाळ्यात लोक तीच माती ट्रॅक्टरनं घेऊन जातात, अन् कोण कोणाला बोलणार, सगळेच आपले. म्हणून म्हणतो, गढी पडायच्या आधी ड्रोननं फोटो काढून तिचं थ्रीडी मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरवर सगळ्या बाजूंनी पाहता येईल अशी प्रतिकृती, करून ठेवा.

2020 मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली, मग गावठाणाच्या मोजणीसाठी ड्रोन आला, घराघराभोवती चुन्याच्या लाइनी मारल्या, तेव्हा तोच ड्रोन गढीवरूनही गेलाच ना! पण त्याचा कॅमेरा सरळ खाली बघतो, घराच्या मालकीच्या सनदेला हद्द पाहिजे, भिंत नाही. नकाशात गढी म्हणजे नुसता एक ढिगारा.

थ्रीडी मॉडेलसाठी फार वेगळं काही लागत नाही. कॅमेरा तिरपा करायचा, गढीभोवती दोन-तीन उंचीवरून चकरा मारायच्या अन् असे फोटो काढायचे की एका फोटोतला 70-80 टक्के भाग पुढच्यात आलाच पाहिजे. सॉफ्टवेअर सगळ्या फोटोंत तेच तेच ठिपके शोधते, त्यावरून कॅमेरा कुठं होता ते काढते अन् लाखो ठिपक्यांची भिंत उभी करते. फक्त जमिनीवर मोजलेल्या खुणा ठेवा, नाही तं मॉडेल दिसते झकास अन् दरवाजाची उंची निघते भलतीच. भुयारात, कोठीत ड्रोनचं काम नाही, तिथं मोबाइलनंच फोटो काढावे लागतील.

आता मॉडेल झालं म्हणजे गढी वाचली असं नाही, हे कबूल. पण उद्या कोणी दुरुस्ती काढली तं बुरूज किती उंच होता, कमान कशी होती हे सांगाले काहीतरी पाहिजे, नाही तं ठेकेदार सिमेंटचा महाल बांधून मोकळा होईल (असं झालेलं आपण पाहतोच).

जिल्हा परिषदेनं इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोट्ट्यांना हेच प्रोजेक्ट द्यावं. 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचं सर्टिफिकेटही लागत नाही, पण आपलं गाव ग्रीन झोनमध्ये (जिथं ड्रोन उडवाले आधी परवानगी लागत नाही) आहे का ते डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवर आधी पाहून घ्यायचं. अन् हे काम दिवाळीनंतरच काढा, आत्ता भिंतींवर इतकं गवत माजलं आहे की मॉडेल गवताचंच निघेल.

आपला,
एक वाचक, जि. अकोला