व्हिसलरचा पूल अंधारातच राहू द्या की!

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत एकोणिसाव्या शतकातला चित्रकार व्हिसलर याचं ओल्ड बॅटरसी ब्रिजचं चित्र छापलंत त्याबद्दल आधी थँक्यू, मराठी पेपरात असलं काही कोण छापतं हल्ली! पण कुणीतरी त्याचा ब्राइटनेस एवढा वाढवलाय की लंडनची रात्रीची थेम्स सकाळी सातची वाटतेय, आणि वर कॅप्शनमधे म्हणताय की पुलाची उंची 'चुकली' आहे.

अहो चुकली नाही, मुद्दाम वाढवलीय! तो 1771 चा लाकडी पूल प्रत्यक्षात बुटकाच होता, खांब इतके जवळजवळ की बोटी आदळायच्या. व्हिसलरने हिरोशिगेची वगैरे जपानी चित्रं भरपूर पाहिलेली, त्याने एकच खांब घेतला आणि पार आभाळात नेला. वर माणसं म्हणजे नुसते पुसट डाग, खाली होडीच्या टोकाला एक नावाडी, उजवीकडे तेव्हा नव्याकोऱ्या अल्बर्ट ब्रिजचे दिवे आणि आतषबाजीच्या चार-दोन सोनेरी ठिणग्या, बाकी सगळा निळा.

आणि हा निळा तिथे बसून रंगवलेला नाहीच, अंधारात रंग दिसणार कसे? रात्री नदीवर जायचं, नीट बघून घ्यायचं, मग पाठ फिरवून काय काय दिसलं ते सोबतच्याला घडाघडा सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओत पातळ रंगाने आठवेल तेवढंच काढायचं. विसरलं ते गेलं. म्हणून त्यात एकही फालतू डिटेल नाही.

1878 मधे त्याने कलासमीक्षक रस्किनवर अब्रुनुकसानीची केस केली तेव्हा हे चित्र कोर्टात आणलं होतं, जज्जसाहेबांनी विचारलं यात पूल कुठला? व्हिसलरने सरळ सांगितलं, हुबेहूब पूल काढायचाच नव्हता. केस जिंकला, भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी (!), आणि पुढच्याच वर्षी दिवाळं निघालं बिचाऱ्याचं. पूलही 1885 मधे पाडला. त्याची मोजमापं कुठल्याही इंजिनियरला मिळतील, पण धुकं, धूर आणि मिणमिणत्या दिव्यांतली ती रात्र या अंधारातच आहे, आणि नेमका तोच तुम्ही पुसलात.

न्यूजप्रिंटवर गडद निळा काळा पडतो हे मान्य. मग चांगल्या कागदाच्या पानावर मोठं छापा, हात न लावता. आणि उंचीबद्दलची दुरुस्ती तेवढी उद्याच टाका.

आपला,
एक वाचक, डोंबिवली