संघटनेतल्या माणसांशी बोलू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उजव्या राष्ट्रवादी संघटनांवर कुणी प्रबंध लिहायला घेतला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, 'तू त्यांच्यातला की विरोधातला?' माझ्या भाचीला तर मार्गदर्शकांनीच सांगितलं, 'बैठकांना कशाला जातेस? कात्रणं लाव आणि मोकळी हो.' हा सल्ला चुकीचा आहे. कात्रणांत पुढाऱ्यांची भाषणं मिळतात. सोलापूरच्या पूर्व भागात दिवसभर यंत्रमागावर उभा राहिलेला पोरगा रात्री मिरवणुकीच्या बैठकीला का बसतो, ते त्यालाच विचारावं लागतं.

१९३४ साली कोलंबिया विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ थिओडोर एबल यांनी जर्मनीत चक्क निबंधस्पर्धा लावली. १९३३ च्या आधी नाझी पक्षात आलेल्यांनी आपली जीवनकथा लिहायची, बक्षिसं एकूण ४०० मार्कांची. ६८३ जणांनी लिहून पाठवलं. पहिल्या महायुद्धातला पराभव, बेकारी, सोबत्यांची ओढ असं बरंच त्यात आलं. ज्यूद्वेषाचा उल्लेख मात्र अनेकांनी केलाच नाही. अर्थात पक्ष सत्तेवर असताना, त्याच्याच संमतीने लिहिलेला मजकूर आहे हा. काय लिहिलं याइतकंच काय गाळलं तेही बघावं लागतं. बायकांचे निबंध एबल यांनी विश्लेषणातून वगळले, ही मोठीच उणीव.

पुढे अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ कॅथलीन ब्ली वंशद्वेषी संघटनांतल्या ३४ बायकांना भेटल्या. 'माझी मतं तुमच्या अगदी उलट आहेत,' हे ब्लींनी आधीच सांगून टाकलं, तरी त्या बायका बोलल्या. अनेकजणी ओळखीपाळखीतून संघटनेत आल्या होत्या, पक्का द्वेष त्या आत आल्यावर शिकल्या. कात्रणं चाळून हे कधीच कळलं नसतं.

एबल यांचे कागद जपले गेले, म्हणून चाळीस वर्षांनी पीटर मर्कल या अभ्यासकाला ते नव्याने तपासता आले. आपल्याकडे निवडणूक सरली की पत्रकं, वर्धापनदिनाचे अंक, वर्गणीची पावतीपुस्तकं रद्दीत जातात. कोणत्या गल्लीतून किती वर्गणी आली, हे त्या स्थळप्रतींवर असतं. संघटनेचा पाय कुठे रोवलाय ते त्यावरून कळतं.

विद्यापीठाने मुलांना मुलाखतीची रीत नीट शिकवावी: स्वतःची ओळख लपवायची नाही, समोरच्याचं नाव फोडायचं नाही. मग खुशाल वस्तीत पाठवावं. आणि हिराचंद नेमचंद वाचनालयाने सर्व पक्ष-संघटनांच्या अशा कागदांसाठी एक कपाट राखावं. माझ्याजवळची जुनी पत्रकं मी द्यायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
साखर पेठ, सोलापूर