पावसातली सिटी

सॅन फ्रान्सिस्को
रविवार, रात्रीचे नऊ

प्रिय बंड्या,

आत्ताच गरम पाण्याने आंघोळ करून, आल्याचा चहा घेऊन बसलोय. बूट बाहेर पायरीवर उलटे टाकलेत, अजून त्यातून पाणी ठिबकतंय. मुंबई सोडल्यापासून इतका कधी भिजलो नव्हतो. आणि खरं सांगतो, सहा तास भिजताना डोक्यात सारखं आझाद मैदान आणि तूच होतास, म्हणून आजच्या आज लिहितोय.

मी गोल्फचा सामना बघायला गेलो होतो. बघायला म्हणजे, शेजाऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन त्याच्याबरोबर चालायला. गोल्फ म्हटल्यावर तुझ्या कपाळावर आठी पडली असेल. चेंबूरच्या गोल्फ क्लबच्या कुंपणावरून आपण किती वेळा गेलो असू, पण आत काय चालतं हे आपल्याला कधी कळलं नाही आणि कळावं असं वाटलंही नाही. तो खेळ आपला नव्हताच. इथे एक स्पर्धा आहे, ती बघितल्यापासून माझं ते मत पार बदललं.

तिचं पूर्ण नाव सॅन फ्रान्सिस्को सिटी चॅम्पियनशिप, पण इथे सगळे नुसतं ‘सिटी’ म्हणतात. "यंदा सिटी खेळतोयस का?" असं विचारतात. शंभराहून जास्त वर्षं चालू आहे, दुसऱ्या महायुद्धातही थांबली नाही. सगळे हौशी खेळाडू, बक्षिसाच्या पैशासाठी कुणीच खेळत नाही. मैदानं शहराच्या मालकीची, म्हणजे आपल्या भाषेत महापालिकेची. सामने शनिवार-रविवारी, कारण सोमवारी ज्याला त्याला कामावर जायचं असतं. आणि मोसम कुठला, तर फेब्रुवारी-मार्च, म्हणजे इथला ऐन पावसाळा! उन्हाळ्यात इथे थेंब पडत नाही, पण स्पर्धा मात्र चिखलात. आहे की नाही आपली पावसाळी क्रिकेटची कांगा लीग?

मला तर ती दुसरी कांगाच वाटते. १९४८ पासून तुम्ही लोक भर पावसात ओल्या खेळपट्टीवर खेळत आलात. एका सामन्याचा लाँग-ऑन दुसऱ्या सामन्याच्या स्लिपला पाठ लावून उभा, तंबूत छपराखाली ओले पॅड वाळत घातलेले. बँकेतला कारकून टाकतोय आणि समोर कसोटी खेळून आलेला फलंदाज. सिटीतही तसंच आहे. केन व्हेंचुरी, जॉनी मिलर, जॉर्ज आर्चर, टॉम वॉटसन ही पुढे जगभर गाजलेली माणसं इथे खेळून गेली, आणि त्यांच्यासमोर उभे राहिलेले बरेचसे दिवसभर दुसरं काहीतरी काम करणारे.

व्हेंचुरीची गोष्ट तुला सांगितलीच पाहिजे. हार्डिंग पार्क हे इथलं मुख्य मैदान, लेक मर्सेड तळ्याच्या काठी, १९२५ सालचं. अध्यक्ष हार्डिंग १९२३ मध्ये याच शहरात वारले, त्यांचं नाव दिलेलं. व्हेंचुरीचे वडील तिथलं गोल्फच्या सामानाचं दुकान सांभाळायचे. पोरगा लहानपणी अडखळत बोलायचा, म्हणून चारचौघांत मिसळण्यापेक्षा एकट्याने खेळता येईल असा खेळ त्याने धरला. तीन वेळा सिटी जिंकली, १९५०, १९५३ आणि १९५६. त्यातल्या शेवटच्या खेपेला अंतिम सामन्यात समोर होता हार्वी वॉर्ड, आदल्याच वर्षीचा अमेरिकेचा राष्ट्रीय हौशी विजेता. आणि गंमत बघ, हे दोघं एकाच माणसाकडे, एडी लोअरीच्या मोटारींच्या शोरूममध्ये, गाड्या विकायची नोकरी करत होते! हा लोअरीही साधा नव्हे. १९१३ च्या गोल्फच्या यूएस ओपनमध्ये फ्रान्सिस विमे जिंकला तेव्हा त्याची बॅग वाहणारा दहा वर्षांचा पोरगा तो हाच.

तर एका मालकाचे दोन नोकर शहराच्या किताबासाठी भिडले आणि बघायला दहा हजारांच्या आसपास माणूस लोटला. हौशी खेळाडूंच्या, शहरापुरत्या सामन्याला! व्हेंचुरी ‘पाच आणि चार’ने जिंकला. होल म्हणजे चेंडू भोकात घालायचा एकेक टप्पा, मैदानात असे अठरा. म्हणजे चार होल उरलेले असतानाच तो पाच होलने पुढे होता, तिथेच खेळ खलास, आपल्याकडे डावाने जिंकावं तसा. हा मॅच प्ले प्रकार तुला आवडेल. एकूण फटके मोजत नाहीत, एकेक होल स्वतंत्र लढायचा. एका होलवर दहा फटके लागले तरी तो एकच होल गेला, पुढच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, पाटी कोरी. त्याच वर्षी हा व्हेंचुरी मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत हौशी म्हणून खेळताना तीन दिवस आघाडीवर होता, शेवटच्या दिवशी ८० फटके लागले आणि एका फटक्याने हरला. मग १९६४ मध्ये भयानक उकाड्यात अक्षरशः पडता पडता यूएस ओपन जिंकला. तो जिंकला हे वाचताना मला उगाचच आपल्या गल्लीतलं कुणी जिंकल्यासारखं वाटलं.

या मैदानाचे मध्यंतरी फार हाल झाले. १९९८ मध्ये शेजारच्या ऑलिम्पिक क्लबात यूएस ओपन भरली, तेव्हा हार्डिंगच्या हिरवळीवर प्रेक्षकांच्या गाड्या लावल्या होत्या. पिढ्यान् पिढ्या ज्या गवतावर लोक जीव तोडून खेळले तिथे पार्किंग! वाचून माझ्या पोटात कालवलं. सँडी टेटम नावाच्या वकिलाने, जो स्वतः सिटी खेळलेला आणि अमेरिकेच्या गोल्फ संघटनेचा माजी अध्यक्ष, म्हातारपणी हे मनावर घेतलं. शहराच्या मागे लागून लागून मैदान नवं करून घेतलं, २००३ मध्ये ते पुन्हा उघडलं. २०२० ची पीजीए चॅम्पियनशिप, म्हणजे व्यावसायिकांची मोठी स्पर्धा, तिथेच झाली. पण शहरात राहणाऱ्यांसाठी दर कमीच ठेवले, ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. मोठ्या स्पर्धा मिळाल्या म्हणून घरच्यांना बाहेर काढलं नाही.

आता आजचं. माझा शेजारी विजेची कामं करतो, बावन्न वर्षांचा, सिटी खेळायची त्याची ही विसावी की एकविसावी खेप. समोर कॉलेजातला एक पोरगा, एकोणीस वर्षांचा, बांबूसारखा ताठ. माझं काम एकच, मुठी कोरड्या ठेवायच्या. छत्रीच्या आतल्या काड्यांना एक टॉवेल अडकवलेला असतो, काठी हातात देण्याआधी तिची मूठ त्याने पुसायची. दुसऱ्या होलनंतर तो टॉवेलही चिंब झाला. चेंडू चिखलात असा रुतायचा की वाटाण्याएवढा पांढरा ठिपका तेवढा वर दिसायचा.

तेराव्या होलपर्यंत आम्ही दोन होलने पुढे. मग पोराने एक खेचला. सोळाव्यावर आमचा चेंडू सुरूसारख्या एका दाट झाडात शिरला आणि खाली आलाच नाही. शोधायला तीन मिनिटं मिळतात. तो पोरगा आमच्याआधी झाडाखाली गेला आणि पावसात मान वर करून फांदी न् फांदी बघत राहिला. चेंडू मिळाला नाही, तो होलही गेला. बरोबरी.

अठराव्यावर पहिला फटका तळ्याच्या कोपऱ्यावरून मारायचा. वारा समुद्राकडून सुटलेला. शेजाऱ्याने फार वेळ लावला, आणि फटका मारल्या मारल्याच त्याला कळलं. पाण्यात. तरी त्याने सोडलं नाही, शेवटच्या पटपर्यंत, भोकाकडे ढकलायच्या हलक्या फटक्यापर्यंत, लढला. चेंडू भोकाच्या कडेवरून निसटला तसा शेजारी पुढे गेला, पोराचा चेंडू उचलून त्याच्या हातात दिला आणि टोपी काढली.

नंतर आम्ही तिघं त्याच्या गाडीत बसून थर्मासातली कॉफी प्यायलो. पोराने विचारलं, चौदाव्यावर वारा नेमका कुठून येतो? शेजाऱ्याने काचेवर धरलेल्या वाफेवर बोटाने अख्खा होल काढून दाखवला. तळं इथे, झाडं इथे, वारा असा वळतो, तू इथे मारलास, इथे मारायला हवा होतास. पोरगा वाकून वाकून बघत होता.

शनिवारी त्याचा पुढचा सामना आहे. शेजारी आणि मी दोघंही जाणार आहोत. पोराला बॅगेला माणूस नव्हता, आता शेजारी घेणार आहे. छत्री माझ्याकडे.

गुडघा कसा आहे ते कळव. पुढच्या फेब्रुवारीत आलास तर येताना ते जुने स्पाइक्स घेऊन ये, इथल्या चिखलात उपयोगी पडतील. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
पक्या

ता. क. जुनी कांगाची स्कोअरबुकं टाकून देऊ नकोस. शेजाऱ्याला दाखवायची आहेत.