माळवदाला माती टाकल्यावरच या

सोलापूर,
४ मे

तीर्थस्वरूप आई व बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबांनी डोळ्याला अजून ताण द्यायचा नसल्यामुळे हे पत्र ताईने वाचून दाखवावे. फोनवर रोज बोलणे होते, परंतु घराविषयी विचारले की मी ‘सगळे ठीक आहे’ एवढेच म्हणून मोकळा होतो, आणि आईला ते पटत नाही हे तिच्या आवाजावरून कळते. म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे.

गेल्या आठवड्यात पारा ४२ अंशांच्या पुढे होता. सकाळी नऊनंतर अंगणात उभे राहवत नव्हते आणि रात्री बारापर्यंत स्लॅबच्या खोल्यांच्या भिंती गरम लागत होत्या. मुलांची अंथरुणे आम्ही मधल्या माळवदाच्या खोलीत हलवली. गेल्या वर्षी ते माळवद उतरवून तिथेही स्लॅब टाकावा असा हट्ट मी धरला होता आणि बाबांनी शांतपणे नकार दिला होता. भर दुपारी त्या खोलीत पंखा मंद ठेवला तरी मुले गाढ झोपतात हे पाहिल्यापासून मी तो विचार सोडून दिला आहे. बाबा, ते माळवद तसेच राहील.

मंगळवारी मात्र वळवाने आम्हाला गाठले. तुमच्या सुनेने आईच्या पद्धतीने गहू तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून, चौथ्या दिवशी चीक काढला होता. सकाळी गच्चीवर धुतलेल्या धोतरावर कुरडया घातल्या, तेव्हा आकाश इतके स्वच्छ होते की झाकायला काही वर नेऊन ठेवावे असे कोणाच्याही मनात आले नाही. चारच्या सुमारास अक्कलकोटच्या बाजूने आभाळ काळे होऊन आले, आधी डोळे उघडू देणार नाही अशी धूळ उठली आणि पाठोपाठ टपोरे थेंब पडू लागले. समोरच्या तेलुगू मावशींनी हाका मारल्या नसत्या तर सगळेच वाळवण गेले असते. त्या स्वतःच्या गच्चीवरचे पापड सोडून आमच्याकडे धावत आल्या. निम्म्या कुरडया वाचल्या, निम्म्यांचा पुन्हा लगदा झाला. आई, तू नुसते वारे पडलेले पाहून ‘आज काही वाळत घालू नका’ असे म्हणायचीस, त्याची त्या दिवशी फार आठवण झाली.

आता मी मोबाइलवर ‘दामिनी’ हे ॲप घेतले आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ते तयार केले असून आसपासच्या २० ते ४० किलोमीटर परिसरातील विजांची सूचना त्यावर मिळते. सूचना दिसली की मुलांना गच्चीवरून खाली आणतो आणि टीव्हीची पिन काढून ठेवतो.

त्या पावसात माळवद एका कोपऱ्यात गळले. उन्हाने वरच्या मातीला भेगा पडल्या होत्या आणि पन्हाळीत कडुलिंबाचा पाला अडकला होता, त्यामुळे साठलेले पाणी भेगांतून आत उतरले. तुळईला काही झालेले नाही, मी शिडी लावून हाताने चाचपून पाहिले. पन्हाळ साफ केली आहे. पांढरी माती टाकायला माणूस ठरवला आहे आणि रोहिणी लागण्याआधी, म्हणजे २५ मेच्या आत, काम पूर्ण होईल.

बाबा, यावरून एक विनंती आहे. आपण पुढच्या आठवड्यातच निघण्याचे म्हणत आहात, ते कृपया मनातून काढावे. डॉक्टरांनी सहा आठवडे डोळ्याला धूळ लागू देऊ नका असे बजावले आहे, आणि इथे सध्या दर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी वावटळ उठते. शिवाय आपल्या रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी एक लघवी वाढवणारी आहे. एवढ्या उन्हात शरीरातील पाणी कमी होऊ नये म्हणून तिच्या मात्रेविषयी ताईने डॉक्टरांना अवश्य विचारावे, आपण होऊन मात्र ती बंद करू नये. नळाला इथे अजूनही काही दिवसांआड पाणी येते आणि बाबा घरी असले की हंडा उचलल्यावाचून राहत नाहीत, हेही मला ठाऊक आहे. मृगाचा पाऊस झाला की मी स्वतः घ्यायला येईन.

आई, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. भिजलेल्या कुरडयांचा लगदा शिजवून त्याच दिवशी खाल्ला, पण अर्धवट ओल्या राहिलेल्या पुन्हा उन्हात वाळवल्या तर तळताना फुलतील का? आणि मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आली आहे, तिच्यात कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून घालायचा की उन्हात, ते ताईला फोनवर सांगायला लाव. तोपर्यंत पोती मी माळवदाच्या खोलीत, गळक्या कोपऱ्यापासून दूर, फळीवर ठेवली आहेत.

आपला आज्ञाधारक,
चिरंजीव