बाबा, कवळीचं माप द्यायला मुंबईला या

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर नीट बोलणं होत नाही. बाबा 'हां, हां' करून फोन आईकडे देतात आणि आई 'जेवलीस का' विचारून परत बाबांकडे. म्हणून लिहायला बसले.

डेंटल कॉलेजचं शेवटचं वर्ष सुरू झालं. आठ विषय आहेत, पण पुस्तकांची धास्ती नाही, धास्ती आहे ती कोट्याची. इतके दात काढलेले, इतकी रूट कॅनल, इतक्या कवळ्या, हे सगळं आपल्या हातानं केलेलं दाखवल्याशिवाय परीक्षेचं नाव काढायचं नाही. प्रत्येक पायरीला सरांची सही लागते आणि पेशंट आपला आपण शोधायचा. माझी रूममेट होस्टेलच्या वॉचमनकाकांच्या सासूबाईंना गाठून आली. माझे एक पेशंट आजोबा तीन खेपा आले आणि मेणात दात लावून झाल्यावर गायबच झाले. त्यांचे अठ्ठावीस दात गेला महिनाभर माझ्या कपाटात हसत बसलेत.

आता मुद्द्याचं. बाबा, एसटी स्टँडजवळचा तो गाळा माझ्यासाठी अडवून ठेवू नका. उसाच्या बिलातून तुम्ही तो घेतलात, दोन वर्षं भाडेकरू नाकारलेत, मनातल्या मनात पाटीसुद्धा लावून टाकलीत, हे सगळं मला माहीत आहे. म्हणूनच इतके दिवस बोलायची हिंमत झाली नाही. पण मला इंटर्नशिप संपली की आर्मी डेंटल कोरसाठी, म्हणजे लष्करातल्या दातांच्या डॉक्टरांच्या दलासाठी, अर्ज करायचाय.

दिवाळीत मी नुसता विषय काढला, तर तुम्ही म्हणालात, "लष्करात दात उपटायला कोण बोलावतंय गं?" सगळे हसले, मीही हसले. आबा तेवढे हसले नाहीत. रात्री ओट्यावर त्यांनी मला सांगितलं, की बर्फातल्या चौकीवर त्यांची दाढ ठणकायला लागली तेव्हा तीन दिवस लवंग धरून काढले, ना झोप ना घास. शेवटी खाली उतरवलं तेव्हा तिथल्या डॉक्टरकडे पायानं चालवायचं मशीन होतं, आईच्या शिलाई मशीनसारखं. एक जवान पायडल मारत होता आणि डॉक्टर दाढ कोरत होता. "गोळी लागली असती तर लगेच नेलं असतं," आबा म्हणाले, "दाढेचं कुणाला सांगायचं?" ही गोष्ट त्यांनी तुम्हाला कधी सांगितली होती का?

ही कोर १ फेब्रुवारी १९४१ ला, दुसऱ्या महायुद्धात उभी राहिली. वाट अशी आहे: शेवटच्या वर्षाला निदान ५५ टक्के, मग वर्षभराची इंटर्नशिप, डेंटल कौन्सिलची नोंदणी, 'नीट एमडीएस' या प्रवेशपरीक्षेचे मार्क आणि दिल्लीला मुलाखत. निवड झाली तर सुरुवातच कॅप्टनपासून. पहिली पाच वर्षं, पुढे वाढवून मिळाली तर एकूण चौदा. म्हणजे कायमची गेले असं नाही. गाव आहे तिथेच आहे, तेव्हाही दात किडतीलच.

आई, तू विचारशील, मुलींना घेतात का. घेतात, पण गंमत ऐक. एका भरतीत तीस जागांपैकी सत्तावीस पुरुषांना आणि तीन बायकांना ठेवल्या होत्या. गुणवत्तेत दहापट मागे असलेल्या मुलांना मुलाखतीला बोलावणं आणि वरच्या मुली बाहेर. काही मुली कोर्टात गेल्या आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं यावरून चांगलंच सुनावलं. त्यांचं वाचूनच मला जोर आला. आपल्या अपशिंग्याला लोक 'मिलिटरी' म्हणतात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले, हे सांगताना तुझा आवाज कसा होतो ते मला ठाऊक आहे. मी डॉक्टर म्हणून जाणार आहे, तरी तुला झोप लागणार नाही, हेही ठाऊक आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तुझंही एक काम आहे. मशेरी सोडली म्हणतेस, पण चुलीमागच्या डब्याला गणपतीत ताजा वास येत होता. आरशापुढे उभी राहा, तोंड उघड आणि तीन बोटं एकावर एक उभी आत जातात का बघ. दोनच गेली, किंवा तिखट लागताच आग व्हायला लागली, तर लगेच फोन कर. मी रागावणार नाही. (थोडी रागावेन.)

आणि बाबा, तुम्ही माझे पेशंट व्हा. पाच-सहा खेपा होतील. कोयनेनं आलात तर सीएसएमटीला मी घ्यायला येते. पहिल्या दिवशी नुसतं माप. दुसऱ्या खेपेला ज्योतीवर मऊ केलेली हिरवी मेणासारखी कांडी माप घ्यायच्या ट्रेच्या कडेला लावून तुमच्या हिरडीभोवती बसवायची आणि गाल ओढून ओढून आकार घ्यायचा. भाजेल म्हणून घाबरू नका, आधी पाण्यात बुडवते आणि माझ्या मनगटावर टेकवून बघते. त्या कडेवरच कवळी धरते की भाकरीबरोबर निघून येते ते ठरतं. दात फार पांढरे लावणार नाही, तुमच्या वयाला शोभतील असेच निवडेन. तंबाखू मात्र त्या दिवसात बंद.

गाळ्याचं लगेच उत्तर देऊ नका. आधी आबांना विचारा.

बाजारातून आणलेली ती जुनी कवळी, लग्नकार्याला घालता आणि जेवायला बसलं की रुमालात गुंडाळता ती, येताना खिशात टाका. सरांना दाखवायची आहे.

तुमची,
ताई