आप्पा म्हणाले, तूच ठरव

प्रिय मंजू,

इकडे सगळे ठीक, माझा खोकला गेला. आता मुद्द्याचं.

काल फोनवर आप्पांना विचारलं, "सप्टेंबरात अमेरिकेतल्या साउथ डकोटात बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानाला जाऊ तेव्हा आजूबाजूला काय काय बघायचं?" तर म्हणाले, "तुला सोयीचं पडेल ते ठरव." आप्पा! पहाटे चारला फियाट काढून उजाडायच्या आत घाट उतरायचा हट्ट धरणारे, वहीत पेट्रोलपंपसुद्धा लिहून आणणारे आप्पा. दुसरं कुणी म्हणेल, बरंच झालं की. मला मात्र रात्रभर झोप नाही, आणि का ते तुलाच कळेल.

तेव्हापासून नकाशा घेऊन बसलेय. सू फॉल्सला मुक्काम, मग आय-९० महामार्गाने सरळ पश्चिमेला. १३१ च्या एक्झिटला उतरून उद्यानात शिरायचं. पिवळ्या-तांबूस पट्ट्यांचे मातीचे सुळके, पाऊस त्यांना वर्षाला इंचभर झिजवतो म्हणे. बाहेर पडायचं वॉल गावात. तिथल्या वॉल ड्रग या प्रसिद्ध दुकानाच्या पाट्या मैलोन्‌मैल आधीपासून सुरू होतात. 'बर्फाचं पाणी फुकट!' आप्पा एकूणएक वाचणार, मोठ्याने, तुझ्या आईसारखे.

पुढचे सगळे मुक्काम रॅपिड सिटीलाच, म्हणजे आईला रोज बॅगा भरायला नकोत. राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेला डोंगर, माउंट रशमोर, जवळच. नीडल्स हायवेवर एक बोगदा जेमतेम आठ फूट रुंद आहे, आप्पा खूश होतील. पण आईला वळणं लागतात. डेव्हिल्स टॉवर या उंच सुळक्याला दोन तास जायला, दोन यायला, म्हणून तो वगळला. तू आता म्हणशील, "एवढं गेलोच आहोत तर..." हेच म्हणून तू आम्हाला विजयदुर्गाला नेलंस आणि गणपतीपुळ्याची आरती चुकली. माझं म्हणणं अजून तेच आहे!

११६ च्या एक्झिटला डेल्टा-०९ आहे. शीतयुद्धातला मिनिटमन क्षेपणास्त्राचा खड्डा, वर काच बसवलेली, वाकून आत बघायचं. पायऱ्यांची भानगड नाही. आप्पांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेली, घरी कधी अवाक्षर काढलं नाही. तिथे मला त्यांच्या शेजारी उभं राहायचंय.

आणि वूंडेड नी. २९ डिसेंबर १८९० ला अमेरिकी सैन्याने तिथे लकोटा या मूळनिवासी जमातीचे शेकडो लोक मारले, बायकामुलांसकट. उद्यानाचा दक्षिण भाग लकोटांच्याच पाइन रिज रिझर्व्हेशनमध्ये, म्हणजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या प्रदेशात, येतो. सुळक्यांचे फोटो काढायचे, रशमोरचे चेहरे बघायचे आणि तिकडे फिरकायचंही नाही, हे मला पटत नाही. सीनिक गावावरून खाली दक्षिणेला जाणारा रस्ता आहे, पण वाटेत सोयी फार नाहीत आणि आईचे गुडघे तासाभरात आखडतात. पूर्वीच्या आप्पांनी हे नाव वहीत सगळ्यात आधी लिहिलं असतं, आईला कसं न्यायचं तेही. आता ते खरंच थकलेत, की मला ओझं नको म्हणून गप्प आहेत? फोनवर कळत नाही गं.

ओवीचा दहावीचा निकाल लागला का? सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? सविस्तर लिही.

एक काम कर. रविवारी त्यांच्याकडे जा. नकाशा पाठवतेय, मोठा प्रिंट काढ आणि चहाच्या वेळी समोर पसर. विचारू काही नकोस, पेन तेवढं जवळ ठेव. कशाकशावर खुणा करतात ते लगेच कळव. हॉटेलं मी तोवर बुक करत नाही.

तुझी,
शैला